म्हातारपणावरच्या संशोधनासाठी माणसं आणि पैसा कसा उभा करायचा

माझ्या पहिल्या भाषणाला अकरा माणसं होती, त्यातली दोघं पाऊस थांबायची वाट बघत आत येऊन बसलेली. मी सव्वा तास बोलले. पेशींची रंगीत चित्रं दाखवली, आलेख दाखवले, आणि शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मृत्यू हा सुटू शकणारा प्रश्न आहे.' पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. "अगं, माझे गुडघे आत्ताच बोलायला लागलेत. अजून पन्नास वर्षं यांना घेऊन मी जाऊ कुठे?" सगळे हसले. मीही हसले. देणगीच्या पेटीत त्या दिवशी काही पडलं नाही.

त्या गोष्टीला सात वर्षं झाली. मधल्या काळात आमच्या छोट्या गटाने दोन प्रयोगांना पैसे दिले, एक निवेदन संसदीय समितीपर्यंत पोचवलं आणि करता येतील तेवढ्या चुका केल्या. वार्धक्यावरच्या संशोधनाला पाठबळ मिळवायला जे नव्याने उतरताहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहून ठेवते आहे. म्हातारपण लांबवायला कोणती गोळी घ्यावी हे इथे सापडणार नाही. तो विषय तुमच्या डॉक्टरांचा.

१. पत्रक छापायच्या आधी वाचन

उत्साहाच्या भरात बहुतेक जण थेट पत्रकं छापायला जातात. थांबा. पहिले दोन-तीन महिने नुसते वाचनात घाला. लोक विचारतात ते प्रश्न सोपे असतात, आणि आपण अडखळतो ते सोप्या प्रश्नांनाच.

पहिला प्रश्न ठरलेला: कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश यांवर काम चालूच आहे की, मग म्हातारपणावर वेगळं कशाला? बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्लिश गणितज्ञाने विम्याच्या हिशेबासाठी मृत्यूच्या नोंदी तपासल्या आणि १८२५ मध्ये मांडलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर पटीपटीने वाढत जातो. आजच्या आकडेवारीत तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. त्यामुळे एक आजार हटवला तरी बाकीचे रांगेत उभेच असतात. उद्या सगळे कर्करोग नाहीसे झाले तरी सरासरी आयुर्मानात भर पडेल ती तीनेक वर्षांची. हे सगळे आजार एकाच वयात का गोळा होतात, हे शोधायचं तर त्यांच्या मुळाशी असलेल्या प्रक्रियेकडे वळावं लागतं. एवढं तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

दुसरा प्रश्न: हे शक्य तरी आहे का? इथे दोन प्रयोग पाठ असू द्या. सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं की सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत डॅफ-२ हे एकच जनुक बदललेलं असेल, तर तो कृमी दुपटीहून जास्त जगतो. तोवर म्हातारपण म्हणजे नुसती झीज, तिला कुठे बटण नसतं, असं अनेक शास्त्रज्ञ मानत होते.

मला स्वतःला सभेत सांगायला रॅपामायसिनची गोष्ट जास्त आवडते. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध मिळालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून औषधाचं नाव. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून ते देतात. अमेरिकेत इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्राम नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात एकच औषध तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत उंदरांवर एकाच वेळी तपासतात. रॅपामायसिन उंदरांच्या खाद्यात टिकेना. ते टिकवायची युक्ती सापडेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले, माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपासचे. तरीही औषध सुरू केलं. २००९ मध्ये निकाल आला. दर शंभरातले नव्वद उंदीर मरेपर्यंतचं वय धरलं, तर माद्या सुमारे १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगले होते. एवढ्या उशिरा सुरू करूनही! साठीच्या श्रोत्यांचे कान इथे टवकारतात.

आणि नेमक्या याच क्षणी तुम्ही पुढचं वाक्य बोलायचं असतं: हे उंदीर आहेत, माणसं नव्हेत, आणि हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. टाळ्या पडून गेल्यावर हे सांगितलं तर सारवासारव वाटते.

अपयशांची यादीही तोंडपाठ हवी. आयुष्य वाढवणारं म्हणून द्राक्षांतल्या रेस्व्हेराट्रॉल या रसायनाचा केवढा गाजावाजा झाला होता. त्याच धर्तीवर औषधं शोधणारी सर्ट्रिस ही कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे वर सांगितलेल्या तीन प्रयोगशाळांत रेस्व्हेराट्रॉलने साध्या खाद्यावरच्या उंदरांचं आयुष्य काही वाढवलं नाही. २०२० मध्ये युनिटी बायोटेक्नॉलॉजीचं औषध गुडघ्याच्या संधिवाताच्या चाचणीत नापास झालं; म्हाताऱ्या पेशी साफ करायची कल्पना होती, पण नकली औषध घेणाऱ्या रुग्णांपेक्षा फरक दिसला नाही. माझ्या वहीत डाव्या पानावर 'काय दिसलं' आणि उजव्या पानावर 'कशात दिसलं' असं लिहिलेलं असतं: कृमी, माशी, उंदीर, माणूस. भाषणाच्या आधी मी फक्त उजवं पान वाचते.

२. 'अमर' हा शब्द फेकून द्या

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१३ मध्ये प्रौढांना विचारलं: १२० वर्षांपर्यंत जगवणारे उपचार निघाले, तर तुम्ही घ्याल का? ५६ टक्के नको म्हणाले, ३८ टक्के हो म्हणाले. पण 'इतर बहुतेक लोक घेतील का' या प्रश्नाला ६८ टक्क्यांनी हो म्हटलं! मला नको, शेजाऱ्याला मात्र नक्की हवं असणार.

हा नकार आयुष्याला नसतो. लांब आयुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अश्वत्थामा येतो. चिरंजीव सात असले तरी आठवतो हाच, कपाळावरची न भरणारी जखम घेऊन तेल मागत हिंडणारा. त्या आजींचा प्रश्नही हाच होता, फक्त जखमेच्या जागी गुडघे.

मग मी भाषणाची सुरुवात बदलली. पेशी गेल्या, आलेख गेले. आता मी एवढंच म्हणते: तुमच्या घरातल्या कोणाची तरी शेवटची पाच वर्षं आठवा. मग मिनिटभर गप्प बसते. एकदा एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांची आई रोज संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरायची आणि दाराशी बसायची, माहेरी जायचंय म्हणून. माहेर चाळीस वर्षांपूर्वी मोडलेलं. ते रात्री पिशवी रिकामी करून कपडे परत कपाटात लावायचे, सहा वर्षं. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांप्रमाणे जगाचं सरासरी आयुर्मान सुमारे ७३ वर्षं आणि त्यातलं निरोगी आयुष्य जेमतेम ६४, इतकं सांगितलं की पुरलं. मधली नऊ-दहा वर्षं कशी जातात, ते त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

तेव्हा पत्रकात 'निरोगी वर्षं', 'अंथरुणाला न खिळता', 'स्वतःच्या पायावर' असे शब्द ठेवा. खोटं मात्र बोलू नका. कोणी थेट विचारलं, "म्हणजे माणूस जास्त जगणार का?" तर हो म्हणा, हे साधलं तर बहुधा जास्त जगेल. हे लपवणारे पुढे फार अडचणीत येतात.

३. मागणी एकच ठेवा, आणि तिला नाव असू द्या

पहिली दोन वर्षं आमची मागणी होती: 'वार्धक्य-संशोधनाला मदत करा.' लोक मान डोलवायचे आणि चहा पिऊन जायचे. मदत म्हणजे काय करायचं, हे आम्हालाच माहीत नव्हतं.

मागणी कशी असावी, याचं चांगलं उदाहरण म्हणजे टेम ही चाचणी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं, स्वस्त औषध वयाबरोबर येणारे आजार एकत्रितपणे लांबवतं का, हे तपासायची ही योजना. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनचे नीर बार्झिलाय यांनी ती पुढे आणली. ६५ ते ७९ वयाची सुमारे ३००० माणसं, १४ केंद्रं, सहा वर्षं. इथे मोजायचं काय, तर हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश, मृत्यू यांपैकी काहीही होईपर्यंत किती काळ गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाशी २०१५ मध्ये बोलणीही झाली. आणि तरी ती वर्षानुवर्षं निधीवाचून रखडली. कारण सरळ आहे: मेटफॉर्मिनचं पेटंट केव्हाच संपलंय, चाचणी यशस्वी झाली तरी कोणत्याही कंपनीच्या पदरात काही पडणार नाही. ज्या कामात कोणालाच नफा नाही तिथे लोकांचा आणि सरकारचा पैसा लागतो, हे पटवायला याहून बरा दाखला मला सापडलेला नाही. (विरोधी मुद्दाही जवळ ठेवा. उंदरांच्या त्या तीन प्रयोगशाळांत एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्यात ठोस वाढ दाखवली नाही. म्हणून तर माणसांत तपासायला हवं, की म्हणूनच पैसे घालू नयेत? आमच्या गटात यावर अजून वाद होतात.)

तुमच्या गटाची ताकद एवढी नसणार. मग मागणीही तेवढीच ठेवा: अमुक प्रयोगशाळेत, अमुक विद्यार्थ्याचा एक वर्षाचा पगार, म्हाताऱ्या उंदरांचा एक गट, रक्ताच्या आधीच साठवलेल्या नमुन्यांची तपासणी. म्हातारे उंदीर हा खर्च नवख्यांना कळत नाही. दोन वर्षांचा उंदीर हवा, तर कोणीतरी त्याला दोन वर्षं पोसलेलं असावं लागतं. आम्ही ज्या दिवशी 'तीस उंदीर, अठरा महिने, इतकी रक्कम' असं फळ्यावर लिहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा एकाने विचारलं, "एका उंदराचा खर्च मी दिला तर चालेल का?"

४. शास्त्रज्ञ जोडा, दुकानदार टाळा

सल्ल्याला निदान दोन संशोधक हवेत, आणि त्यातला एक तुमच्या आवडत्या कल्पनेबद्दल साशंक हवा. पत्र लिहिताना चार ओळी पुरतात: आम्ही कोण, तुमचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातलं काय कळलं नाही, वर्षातून तीन तास द्याल का. 'आमच्याशी जोडले जा' असलं काही लिहू नका. सातापैकी दोघांनी आम्हाला उत्तर दिलं. हे प्रमाण चांगलं आहे, नाउमेद होऊ नका.

या कामातला सगळ्यात मोठा सापळा आता सांगते. तुमच्या सभेला चाळीस माणसं यायला लागली की गोळ्या, पावडरी, 'वय उलटं फिरवणाऱ्या' तपासण्या विकणारे येतातच. गोड बोलतात. सभागृहाचं भाडं भरतो म्हणतात. एका विक्रेत्याने आमच्या एका कार्यक्रमाचा खर्च उचलला. बदल्यात दाराशी फक्त एक टेबल. तीन महिन्यांनी त्याच्या जाहिरातीत आमचं नाव आलं, सल्लागार संशोधकांनी एका ओळीचं पत्र पाठवून राजीनामा दिला, आणि ते नाव पुसायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

म्हणून पहिल्याच बैठकीत लेखी ठराव करा: वय कमी करण्याचा दावा करणारं उत्पादन विकणाऱ्या कोणाकडूनही पैसा, जागा, जेवण घ्यायचं नाही. सभासदांपैकी कोणाची अशा कंपनीत गुंतवणूक असेल, तर ती वहीत नोंदवायची आणि त्या विषयावर त्याने मत द्यायचं नाही. 'जैविक वय' सांगणाऱ्या तपासण्यांबद्दल विशेष जपा. संशोधनात त्यांचा उपयोग होतो, पण एका माणसाच्या दोन आकड्यांवरून तो तरुण झाला, असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

५. माणसं कुठे सापडतात

तंत्रज्ञानावर प्रेम करणारे तरुण सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात आधी जातात. टिकतात ते घरी कोणाची तरी सेवा करणारे किंवा केलेले. त्यांना शोधायचं तर अल्झायमर, पार्किन्सन, संधिवात यांच्या रुग्ण-संघटनांकडे जा. जाताना 'तुमचा आजार म्हणजे आमच्या मोठ्या प्रश्नाचा एक तुकडा' असा सूर लावू नका, मी लावला होता आणि दार बंद झालं होतं. त्यांच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडा. सहा महिने तरी.

जुन्या चळवळींकडून मी दोनच गोष्टी उचलल्या. १९३८ मध्ये पोलिओसाठी अमेरिकेत संस्था निघाली, तेव्हा एडी कँटर या विनोदी कलाकाराने रेडिओवरून लोकांना सांगितलं की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठवा. व्हाइट हाउसला २६ लाख ८० हजार नाणी आली. १९५४ मध्ये साल्क यांच्या लशीची १८ लाख मुलांवर चाचणी झाली, ती याच संस्थेच्या पाठबळावर. नाणं इतकं छोटं होतं की नाही म्हणायला कारणच नव्हतं, आणि दिलेल्या प्रत्येकाला तो लढा आपला वाटला.

दुसरी गोष्ट एड्सच्या रुग्णांची. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ॲक्ट अप या गटाने पुढच्या वर्षी ११ ऑक्टोबरला औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला वेढा घातला, हे फोटोंमुळे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्यातल्याच काहींनी रात्र रात्र बसून औषधचाचण्यांचे नियम शिकून घेतले आणि अधिकाऱ्यांसमोर नेमक्या दुरुस्त्या ठेवल्या, हे कमी माहीत आहे. घोषणा देणारे आणि नियम वाचणारे, दोघेही लागतात. आमच्यात घोषणा देणारे नेहमी जास्त निघाले.

एकदम व्हायरल होण्याची स्वप्नं बघू नका. २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजने, म्हणजे डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेतानाचा व्हिडिओ टाकायच्या आव्हानाने, एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी एका अमेरिकन संस्थेला ११.५ कोटी डॉलर मिळवून दिले आणि त्यातून खरोखर संशोधनही झालं. पण बादली दुसऱ्यांदा ओतली की कोणी बघत नाही.

६. पैशाची व्यवस्था

पहिली देणगी घ्यायच्या आधी हे कागद तयार हवेत. कायदा देशागणिक वेगळा असतो, म्हणून सनदी लेखापाल आणि वकील यांना एकदा विचाराच. यादी मात्र सगळीकडे साधारण सारखीच:

- संस्थेची नोंदणी आणि घटना, त्यात उद्देश म्हणून 'संशोधनास साहाय्य' हे शब्द स्पष्ट लिहिलेले
- संस्थेच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे न निघणारं
- देणगीवर करसवलत मिळत असेल तर त्याचं प्रमाणपत्र, आणि क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक
- परदेशातून पैसा घ्यायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी
- हितसंबंधांची नोंदवही
- प्रयोगशाळेशी करायच्या कराराचा मसुदा
- प्राण्यांवर किंवा माणसांवर प्रयोग असेल तर त्यांच्या नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत

करारावर जरा थांबते, कारण आमचं बोट इथेच भाजलं. पहिल्या प्रयोगासाठी जमलेली सगळी रक्कम आम्ही एका विद्यापीठाच्या खात्यात एकदम पाठवली, सोबत एक प्रेमळ पत्र. तीन गोष्टी झाल्या. विद्यापीठाने प्रशासकीय खर्च म्हणून ठरावीक टक्के कापून घेतले, जो त्यांचा नियमच होता, आम्हीच विचारलं नव्हतं. उरलेले पैसे सर्वसाधारण खात्यात पडल्यामुळे ते संशोधकाच्या हाती यायला सात महिने गेले. आणि तेवढ्यात तिथल्या ज्या विद्यार्थिनीसाठी हे सगळं होतं, तिला दुसरीकडे नोकरी लागली.

आता करारात आम्ही पाच वाक्यं आग्रहाने घालतो. रक्कम याच कामासाठी वापरायची. प्रशासकीय कपात किती टक्के, ते आधी लिहायचं. पैसे तीन हप्त्यांत, पुढचा हप्ता अहवाल आल्यावर. निकाल काहीही लागो, तो प्रसिद्ध करायचा. मुख्य माणूस सोडून गेला तर उरलेल्या रकमेचं काय करायचं, ते दोघांनी बसून ठरवायचं. निकाल काय यावा, याबद्दल मात्र आमचा शब्द चालणार नाही, हेही त्यातच लिहिलेलं असतं.

हिशेब दर तिमाहीला सगळ्यांना दिसेल असा लावा. आमच्या पावत्या तपासायचं काम गेली चार वर्षं त्या गुडघेवाल्या आजी करतात. एकदा छपाईच्या बिलात बेरीज चुकली होती, तर त्यांनी मला रात्री साडेनऊला फोन केला.

७. सरकारी दार

इथे संयम लागतो. लोकप्रतिनिधींना भेटताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, वेळ. अंदाजपत्रक सादर होतं तेव्हा आकडे केव्हाच ठरलेले असतात, त्यामुळे चार-सहा महिने आधी जा. दोन, माणूस. खरं काम त्यांच्या कार्यालयातला सहायक करतो. तोच कागद वाचतो, तोच पुढे सरकवतो. त्याचं नाव लक्षात ठेवा, त्याला उत्तर द्यायला लावू नका, तयार उत्तर हातात द्या. तीन, कागद. एकच पान, वर मागणी, खाली कारण. आमच्या पहिल्या निवेदनाला बावीस पानं होती आणि मागणी एकोणिसाव्या पानावर.

अर्थखात्याशी बोलताना पेशींचं नाव काढू नका. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू स्कॉट आणि मार्टिन एलिसन, आणि वार्धक्यावर काम करणारे जीवशास्त्रज्ञ डेव्हिड सिंक्लेअर यांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकेत वार्धक्य मंदावून आयुर्मान एका वर्षाने वाढलं तर त्याचं मोल ३८ लाख कोटी डॉलर होतं. हा आकडा वापरा, पण तो तिजोरीत पडणारा पैसा नाही, निरोगी वर्षाला लोक जी किंमत देतील तिचा अंदाज आहे, हे सोबत सांगा. अर्थखात्यातली माणसं हे विचारतातच.

सरकारी पैसा कोणत्या शीर्षाखाली जातो, तेही बघा. अमेरिकेत वार्धक्यासाठी राष्ट्रीय संस्था १९७४ पासून आहे, पण तिच्या निधीचा मोठा वाटा अल्झायमरकडे जातो. मुळातल्या जीवशास्त्राला त्या मानाने थोडा. तुमच्याकडेही असंच काही असेल, तर नवं खातं मागण्यापेक्षा असलेल्या खात्यात एक ओळ मागणं सोपं पडतं.

शब्दांवरून सरकारी पातळीवरही पाय घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात 'म्हातारपण' असा एक नोंदशब्द येणार होता. आमच्यासारखे काही जण खूश झाले. पण ज्येष्ठांच्या संघटनांनी आणि डॉक्टरांनी हरकत घेतली: म्हातारं असणं हाच आजार ठरला, तर वृद्धांना 'वयच झालं' म्हणून उपचार नाकारतील. वर्गीकरण २०२२ मध्ये लागू झालं तेव्हा तो शब्द बदलून 'वयाबरोबर अंगभूत क्षमतेत होणारी घट' या अर्थाची शब्दरचना आली होती. मला आधी राग आला होता. आता वाटतं, हरकत घेणाऱ्यांचंच बरोबर होतं, आणि आम्ही त्यांच्याशी आधी बोललोच नव्हतो.

आणि तारखेचं वचन देऊ नका. ९ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली होती, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून: तुम्ही कर्करोग बरा करू शकता. देशाच्या दोनशेव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, त्याच्यावर मात करायची हाक तिच्यात होती. यामागे वैद्यकीय संशोधनाला पैसा मिळावा म्हणून झटणाऱ्या मेरी लास्कर यांची अनेक वर्षांची मेहनत होती, आणि तिला यश आलं. १९७१ च्या डिसेंबरात कायदा झाला, पैसा आला. १९७६ साल मात्र आलं आणि गेलं, आणि 'कुठे आहे तो इलाज' हा टोमणा संशोधकांना पुढे कितीतरी वर्षं ऐकावा लागला.

८. ठरलेले आक्षेप

"लोकसंख्या वाढेल." थोडी वाढेल, पण लोकसंख्येचा वेग प्रामुख्याने जन्मदरावर ठरतो आणि तो जगभर उतरतो आहे. "श्रीमंतांनाच मिळेल." हा आक्षेप खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. पेटंट संपलेल्या औषधांवर सार्वजनिक पैशाने काम व्हावं, ही आपली मागणी याच आक्षेपाचं उत्तर आहे. "निसर्गाच्या विरुद्ध आहे." चष्माही आहे. हे उत्तर मी एकदा जोरात दिलं आणि समोरचा माणूस उठून गेला, तेव्हा आता हळू देते. "हुकूमशहा मरणारच नाहीत." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी तसंच सांगते.

९. प्रयोग फसला की

फसणार हे धरूनच चाला. आमचा दुसरा प्रयोग फसला: औषध दिलेले आणि न दिलेले उंदीर सारखेच जगले. गटातल्या काहींचं म्हणणं पडलं की वार्षिक अहवालात एका ओळीत उरकू या. तसं करू नका. निकाल कळल्यापासून आठवडाभरात प्रत्येक देणगीदाराला पत्र गेलं पाहिजे, मग त्याने एका उंदराचा खर्च दिलेला असो की तीसचा. पत्रात एवढं असावं: आम्ही काय विचारलं होतं, किती उंदीर होते, काय दिसलं, किती पैसे खर्च झाले, किती उरले, आणि उरलेले परत हवे असतील तर कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं. आलेख जोडा, दोन्ही रेषा एकमेकींवर चढलेल्या असल्या तरी. 'दुर्दैवाने' हा शब्द पत्रात घालू नका. आम्ही एकशे बारा पत्रं पाठवली. चौघांनी पैसे परत मागितले आणि त्यांना ते पंधरा दिवसांत मिळाले. त्यांच्या पावत्यांच्या स्थळप्रतींवर आजींनी लाल शाईने 'परत' असं लिहून खाली सही केली आहे.